महाबुद्धीचा जिना आणि घासलेला अंगठा

कृत्रिम बुद्धिमत्तेचे क्षमतेनुसार तीन प्रकार मानतात. नेमून दिलेले एकच काम करते ती मर्यादित बुद्धी. माणसाला जमणारे कोणतेही बौद्धिक काम करू शकेल ती सर्वसाधारण बुद्धी. आणि सगळ्या माणसांची अक्कल एकत्र केली तरी जिच्यापुढे ती तोकडी पडेल ती महाबुद्धी. पहिली अस्तित्वात आहे, दुसरी दरवर्षी येऊ घातलेली असते आणि तिसरीच्या नावाने पैसे जमा झाले आहेत. संशोधक इल्या सुट्स्केव्हर यांनी जून २०२४ मध्ये ‘सेफ सुपरइंटेलिजन्स’ ही कंपनी काढली, महाबुद्धीखेरीज दुसरे काहीही बनवणार नाही असे जाहीर केले आणि तीन महिन्यांत एक अब्ज डॉलर उभे केले. तेव्हा कंपनीत जेमतेम दहा माणसे होती आणि विकायला वस्तू एकही नव्हती. ज्या प्राण्याचा नमुना सापडलेला नाही त्याला प्राणिशास्त्रात नावही देत नाहीत. या शास्त्रात त्याला भांडवल देतात.

मर्यादित बुद्धीचा इतिहास माणसाच्या पराभवांच्या तारखांनी लिहिला जातो. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हला बुद्धिबळात हरवले, २०१६ मध्ये ‘अल्फागो’ने ली सेडोलला ‘गो’ या खेळात ४-१ ने. डीप ब्लूला बुद्धिबळाखेरीज काहीच येत नव्हते. जिंकल्याचा आनंदसुद्धा तो बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांनाच करावा लागला.

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाजवळच्या गलोंड्यात बुद्धिबळाचा जगज्जेता राहत नाही. अशा गावातल्या माणसाची यंत्राशी गाठ पडते ती अंगठा लावण्याच्या निमित्ताने: रेशन घेताना, बँकेच्या प्रतिनिधीपुढे, कारखान्याच्या फाटकावर हजेरी देताना. ठसा ओळखणारे यंत्र हे मर्यादित बुद्धीच्याच कुळातले, जुने आणि कष्टाळू. बोटावरच्या रेषा जिथे संपतात किंवा जिथे त्यांना फाटा फुटतो त्या जागा ते टिपते, नोंदीतल्या ठशाशी ताडते आणि जुळणीला गुण देते. ठरलेल्या आकड्याहून गुण जास्त पडले तर माणूस तोच. कमी पडले तर तो दुसराच कोणी. हा आकडा वर नेला तर खरा माणूस परत जातो, खाली आणला तर खोटा आत येतो. तो किती ठेवायचा हे यंत्र ठरवत नाही, कार्यालयात बसलेली माणसे ठरवतात. अंगठे घासतात ते मात्र आवणीच्या चिखलात, विटांवर आणि सिमेंटच्या पोत्यांवर.

मग दुकानदार म्हणतो, ‘अंगठा घेत नाही, पुसून परत लावा.’ २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत अशा ओळख-अपयशाचे अंदाज दिले होते: गुजरातमध्ये ६ टक्के, राजस्थानात ३७, झारखंडमध्ये ४९. बुबुळ, मोबाइलवर येणारा आकडा, चेहरा असे पर्याय पुढे आले. मोबाइलवरच्या आकड्याला रेंज लागते, आणि रेंज ही बुद्धिमत्तेच्या कोणत्याच प्रकारात मोडत नसल्याने तिच्याबद्दल शास्त्र गप्प आहे.

दुसरे एक वर्गीकरण अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे आरेंड हिंट्झे यांनी २०१६ मध्ये मांडले. त्यात चार पायऱ्या आहेत: समोर आले त्याला केवळ प्रतिसाद देणारे यंत्र, थोडी स्मृती बाळगणारे, दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणारे आणि स्वतःची जाणीव असणारे. पहिल्या दोन पायऱ्यांवरची यंत्रे बाजारात मिळतात. तिसरी अवघड आहे. समोरच्याच्या मनातले ओळखणे खिडकीपलीकडच्या कारकुनालाही सहसा जमत नाही, आणि त्याला तर बढतीही मिळत असते. चौथीबद्दल कंपन्यांच्या पत्रकांत बरेच असते, प्रयोगशाळेत काही नाही.

सर्वसाधारण बुद्धीचे भविष्य सांगण्याची परंपरा सत्तर वर्षांची आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात जी बैठक भरली, तिच्या प्रस्तावात निवडक दहा शास्त्रज्ञ एक उन्हाळा बसले तर या कामात मोठी मजल मारता येईल असा भरवसा होता. १९६५ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी लिहिले की माणूस करतो ते कोणतेही काम वीस वर्षांत यंत्रे करू लागतील. १९८५ उजाडले आणि मावळले. मधल्या काळात, १९७३ मध्ये, लाइटहिल यांच्या अहवालाने ब्रिटनमध्ये या संशोधनाचा पैसा आटवला. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना आली; तिच्या आठ जनकांपैकी निकी परमार पुण्यात अभियांत्रिकी शिकल्या, त्यामुळे यंत्राच्या बुद्धीवर पुण्याचाही थोडा हक्क आहे, आणि पुणे तो सोडणार नाही. याच रचनेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उभे राहिले. पुढचा शब्दखंड कोणता असेल याचा अंदाज बांधत ते बोलते आणि माहीत नसलेल्या गोष्टीवरही माहीत असल्याच्याच सुरात बोलते. हा गुण मानवी असल्याने सर्वसाधारण बुद्धी जवळ आली असा अनेकांचा समज झाला.

ती आली हे ओळखायचे कसे, हा प्रश्न करारनाम्याने सोडवला. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात शंभर अब्ज डॉलरचा नफा मिळवून देऊ शकणारी प्रणाली म्हणजे सर्वसाधारण बुद्धी असे ठरल्याची बातमी डिसेंबर २०२४ मध्ये आली. कागदावर दर्जा बहाल करण्याची ही कला दादरा-नगर हवेलीला नवी नाही. १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या हातून सुटलेला हा मुलूख सात वर्षे स्वतःच्या वरिष्ठ पंचायतीच्या कारभारात होता. १९६१ मध्ये भारतात विलीन होताना नेहरूंच्या बरोबरीने सही करायला कोणी हवे, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचे पंतप्रधान केले गेले. फरक इतकाच की बदलानींनी सही केली आणि काम झाले.

महाबुद्धीची कल्पना ब्रिटिश गणिती आय. जे. गुड यांनी १९६५ मध्ये मांडली. माणसाहून हुशार यंत्र स्वतःपेक्षा हुशार यंत्र बनवील, ते आणखी हुशार, आणि माणसाला पुढे काही शोधावेच लागणार नाही. फक्त ते यंत्र ऐकण्यातले हवे, अशी अटही त्यांनी घातली. निक बॉस्ट्रम यांनी २०१४ च्या पुस्तकात ही अट मोडण्याचीच भीती रंगवली: कागदाच्या क्लिपा बनवायला सांगितलेले यंत्र साऱ्या जगाच्या क्लिपा करून टाकील. महाबुद्धीला वेसण कशी घालावी यासाठी ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये खास पथक नेमले, चार वर्षांची मुदत घातली, आपल्या गणनशक्तीचा पाचवा हिस्सा देऊ केला, आणि मे २०२४ मध्ये पथकच बरखास्त केले. ऐकण्यातले यंत्र व्हायच्या आधी ऐकण्यातली कंपनी व्हावी लागते, हा मुद्दा गुड यांच्या यादीत नव्हता.

महाबुद्धीकडे जाणाऱ्या वाटेचे इंधन म्हणजे वीज, चिप आणि लिहिलेला मजकूर. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात. तिसरी जिथे नाही तिथे यंत्र अडते. वारली ही दादरा-नगर हवेलीतली सर्वांत मोठी आदिवासी जमात. तिची बोली पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली, लिहिली फारशी गेली नाही. चित्रे मात्र भिंतींवर काढली गेली, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर पोहोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे आजचे यंत्र मागाल तेव्हा त्रिकोणी माणसांचा तारपा नाच काढून देते, पण त्या नाचणाऱ्याने आपल्या बोलीत पाणी मागितले तर यंत्राला उमगेलच असे नाही. जून २०२४ मध्ये गूगलने आपल्या भाषांतर सेवेत एकदम ११० भाषा वाढवल्या. त्यांत भारतातल्या सात होत्या: अवधी, बोडो, खासी, कोकबोरोक, मारवाडी, संथाळी आणि तुळू. वारली नव्हती.