वाघाला तहान लागेना

नागपूरकराचा उन्हाळा ही त्याची खाजगी मालमत्ता असते. पुण्याचा माणूस ३८ अंशांत ‘काय भयंकर उकडतंय’ म्हणाला, की आम्ही गालातल्या गालात हसतो. ३८ अंशांत आम्ही लग्नं लावतो आणि वरातीत नाचतोसुद्धा. पारा ४५च्या वर गेला की तक्रार करतो खरी, पण पोरगं बोर्डात आल्याच्या सुरात. चंद्रपूरचा आकडा आमच्याहून मोठा निघाला, तर त्या दिवशी पेपर वाचवत नाही.

२०२३ साली बुद्धपौर्णिमा ५ मेला, शुक्रवारी आली. शनिवार-रविवार लागून. त्या रात्री विदर्भातल्या जंगलांत पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राणी मोजायची जुनी रीत आहे. वाघांची खरी मोजदाद आता कॅमेरा ट्रॅप करतात, त्यामुळे मचाणावरच्या रात्रीला ‘निसर्गानुभव’ असं सोज्वळ नाव मिळालंय. हिशेब साधा असतो. मे महिन्यात ओढे-नाले आटतात, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसतात. सगळा कार्यक्रम तहान आणि चंद्र या दोघांच्या भरवशावर.

पुण्याच्या मेहुण्याला मी मुद्दाम बोलावलं. ‘ये, तुला खरा उन्हाळा दाखवतो.’

आला तेव्हा कूलर बंद होता आणि घरातले पंखे दोनवर. अवकाळीने एप्रिलअखेरपासूनच मुक्काम ठोकला होता. समुद्रावरून आलेली ओली हवा आणि इकडची तापलेली जमीन यांची गाठ पडली, की दुपारनंतर ढग उभे राहतात, वावटळ सुटते, गारा पडतात. हे एखाद्या दिवशी होतं. त्या वर्षी उठायचं नावच घेईना. नवा वाळा लावलेला कूलर खिडकीत नुसता शोभेला होता.

‘भावोजी, छान आहे की हवा!’ मेहुणा म्हणाला. नागपूरच्या इतिहासात मे महिन्यात कुणी यजमानाचा एवढा अपमान केला नसेल.

‘उद्या तापेल,’ मी म्हणालो आणि त्याच्या खिशात कांदा घातला. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून. शिवाय ओला दुपट्टा, पन्ह्याची बाटली, इलेक्ट्रालची पाकिटं. स्वेटर कुणी घेईना. मे महिन्यात स्वेटर घेऊन निघालेला माणूस नागपुरात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

मचाणावर चढलो आणि आभाळ काळंभोर झालं. वारा असा सुटला, की लोखंडी मचाण आमच्यासकट निसर्गानुभव घेऊ लागलं. सर आली, गेली, परत आली. ओला दुपट्टा आणखी ओला झाला. मेहुण्याचे दात वाजायला लागले. सूर्योदयापर्यंत खाली उतरायचं नाही आणि आवाज करायचा नाही, असे दोन नियम होते. दुसरा त्याचे दात मोडत होते.

‘प्राणी कधी येतात?’ त्याने कुजबुजत विचारलं.

सोबतच्या गाईडने गमछा कानांवरून घट्ट गुंडाळला. ‘आता काहून येईन साहेब? जागोजागी डबकी भरली. वाघ आपल्या जागेवरूनच पेते पाणी. त्याले का सुट्टी काढून यायचं हाय?’

राहता राहिला चंद्र. तो ढगांत होताच. शिवाय त्याच रात्री छायाकल्प चंद्रग्रहण. पावणेनऊला सुरू, एकला समाप्त. छायाकल्प ग्रहण स्वच्छ आभाळातसुद्धा धड कळत नाही. म्हणजे न दिसणाऱ्या चंद्राला न दिसणारं ग्रहण लागलेलं, आणि त्याच्या उजेडात न येणारे प्राणी मोजायचे होते.

हातात मात्र तक्ता होता: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, शेरा. मेहुणा पुण्याचा, रिकामे रकाने त्याला सहन होईनात. संध्याकाळी उडत गेलेल्या मोराची नोंद त्याने केली: ‘मोर, नर, १. शेरा: भिजलेला.’ मग बेडूक ओरडायला लागले. ‘यांचा रकाना नाही,’ असं तो तक्रारीच्या स्वरात म्हणाला. टॉर्च लावल्याबरोबर पंख फुटलेल्या वाळवीचा थवा तक्त्यावर उतरला. ती मोजायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला, मग तक्ता झटकून मागे लिहिलं: ‘असंख्य.’ पहाटे भूक लागल्यावर त्याने खिशातला कांदा काढला आणि पोळीबरोबर खाल्ला. माझ्या उन्हाळ्याचा शेवटचा पुरावाही संपला.

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. उन्हाला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या देतो, पण पाहुण्यापुढे मांडायला आमच्याकडे तेवढंच हक्काचं आहे. तेच नेमकं गैरहजर! वाघ दिसला नाही याचं दुःख मला नव्हतंच. तो काही मी पाळलेला नव्हता.

मेहुण्याने पुण्याला जाऊन सांगितलं, की नागपूरच्या उन्हाळ्याची उगाच बोंब आहे, संध्याकाळी शाल लागते. पुढच्या मे महिन्यात बायकापोरांना घेऊन हवापालटाला येऊ का, असं त्याने फोनवर विचारलं. मी आनंदाने हो म्हणालो आणि तारीखही सुचवली: २५ मे. त्या दिवशी आमच्याकडे नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचा काळ, सुरू होतो, हे त्याने विचारलं नाही.