रिकाम्या स्क्रिप्टला रूटचा हक्क कशाला?

डेबियन लिनक्सचं पॅकेज टाकताना-काढताना त्याच्या पोटातल्या चार स्क्रिप्ट चालू शकतात: प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट, प्रीआरएम, पोस्टआरएम. त्या चालतात रूटच्या हक्काने. कुठलीही फाइल वाचावी, पुसावी, अडवणारं कुणी नाही. एवढा अधिकार घेऊन काहीच न करणारी स्क्रिप्ट पॅकेजात राहते, याचा मला मनापासून राग येतो.

उघडून बघा. वर शेलचं नाव, खाली 'सेट -ई', शेवटी 'एक्झिट 0'. मध्ये एकही आज्ञा नाही. लिंटियन हे तपासनीस साधन अशी रिकामी स्क्रिप्ट लगेच पकडतं. काम संपलेली स्क्रिप्ट ओळखणं मात्र कठीण. आपल्या लोहित देवनागरीसारखा फाँट घ्या. काम काय, तर फाइली जागेवर ठेवायच्या. पूर्वी फाँटची नोंद करायला, कॅश बांधायला प्रत्येक पॅकेज स्वतःची स्क्रिप्ट आणायचं. 2009 च्या लेनी आवृत्तीपासून डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनात ट्रिगरची सोय आली. आता फाँटच्या फोल्डरात फाइल पडली की फाँटकॉन्फिग स्वतःच कॅश बांधतं. पण जुन्या पॅकेजावरून नवं बेतताना ती स्क्रिप्टही तशीच उचलली जाते. कैक वर्षांपूर्वीच्या आवृत्तीची साफसफाई करणाऱ्या ओळींचंही तेच. एक आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर उडी मारण्याला डेबियनचा पाठिंबा नाही, म्हणून त्या ओळी कुणाच्याच कामाच्या नसतात.

राहिली तर बिघडलं काय? प्रीआरएम अडली की पॅकेज निघत नाही, अर्धवट लटकतं. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीच्या एखाद्या शाळेत कॉम्प्युटर असा अडकला, तर मास्तरांनी कुणाला विचारायचं? शिवाय स्क्रिप्ट हे चोरालाही उघडं दार आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावरच्या 'यूए-पार्सर-जेएस'च्या बळकावलेल्या आवृत्त्यांनी प्रीइन्स्टॉल स्क्रिप्टमधूनच लोकांच्या मशीनवर क्रिप्टो नाणी खोदणारा प्रोग्राम उतरवला. जिथे स्क्रिप्ट नेहमीचीच असते, तिथे एका नव्या स्क्रिप्टकडे कोण बघणार?

पॅकेज बांधणाऱ्यांनो, लिंटियन चालवा. पिउपार्ट्स या साधनाने कोऱ्या सिस्टिमवर टाकून-काढून बघा. ज्या ओळीचं काम सांगता येत नाही ती खोडा, आणि सगळी फाइलच रिकामी उरली तर फाइलच काढा.