भाषाकर्ता

जर्मन, डच, इंग्रजी, डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन या सहा बहिणींना एका घरात नांदवायचंच, असं मनाने घेतलेला गृहस्थ युरोपात अधूनमधून आढळतो. दिवसा तो कुठेतरी हिशेब लिहितो. रात्री पाणिनी होतो. फरक एवढाच, की पाणिनीच्या काळी संस्कृत बोलणारी माणसं होती.

त्याचं सूत्र सोपं आहे: बहुतेक बहिणींकडे जे असेल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. पहिला प्रश्न लिंगाचा. जर्मनमध्ये तीन, डच-स्वीडिशमध्ये दोन, इंग्रजीत नामाला लिंगच नाही. सरासरी निघत नाही, म्हणून तो लिंगव्यवस्थाच बरखास्त करतो आणि त्या रात्री गाढ झोपतो. सकाळी निश्चित उपपद आडवं येतं. जर्मन, डच, इंग्रजी ते नामाआधी ठेवतात. उरलेल्या तिघी नामाच्या टोकाला चिकटवतात. तीन विरुद्ध तीन! निर्णायक मतासाठी तो आफ्रिकान्सला बोलावतो. ती येते ती लिंगाशिवाय, क्रियापदांना पुरुष-वचनाचे प्रत्ययही न लावता. म्हणजे त्याला हवं ते बरंचसं तिच्याकडे आयतंच. कुणी हे लक्षात आणून दिलं, की तो दुखावून म्हणतो, "पण ती कुणी आखलेली नाही!"

अशा भाषाकर्त्यांचं घराणं जुनं आहे. नॉर्वेजियन वंशाच्या इलायस मोली या अमेरिकन गृहस्थाने 1902 मध्ये ‘ट्युटॉनिश’ नावाची अशीच भाषा छापली. मोठी (कॅपिटल) अक्षरं त्याला खपत नसत. स्वतःचं नावही तो लहान अक्षरांत लिही. 1911 मध्ये त्याने सुधारित ‘ऑल्ट्युटॉनिश’ काढली. 1990 च्या दशकात बऱ्याच जणांनी मिळून ‘फोक्सप्राक’ हाती घेतली. ऐक्याची भाषा म्हणून निघालेल्या तिचे यथावकाश अनेक अवतार झाले. प्रत्येक अवताराचा कर्ता दुसऱ्याचं व्याकरण कसं चुकलं ते मुद्देसूद पटवून देतो, इंग्रजीत.

कुणी बोलत नाही, याचं भाषाकर्त्याला दुःख असेल असं आपल्याला वाटतं. तसं मुळीच नाही. त्याची खरी पंचाईत होते, ती एखादा हौशी तरुण भाषा शिकून दारात उभा राहिला की. पोरगा गेल्या महिन्याच्या नियमाने भूतकाळ चालवत असतो. बोलणारा एक जरी निपजला, तरी रोज नियम बदलायची चैन संपली! भाषाकर्ता त्याला कॉफी पाजतो, पाठ थोपटतो आणि सांगतो, "खर्डा अजून कच्चा आहे. तोवर कुणाशी बोलू नकोस."