नवोदित सम्राटांस सूचना: आधी तलाठी व्हा

‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या सहाव्या आवृत्तीत (2016) राज्य हाती येते ते इ.स.पू. 4000 मध्ये. दिमतीला एक सेटलर (नवे शहर वसवणारी तुकडी), एक योद्धा, आणि नकाशाचा जवळजवळ सगळा भाग अज्ञात. नवोदित सम्राट अशा वेळी सर्वप्रथम जे करतात ते म्हणजे विचार. नदी आहे, पण डोंगर लांब. डोंगर आहे, पण समुद्र दिसत नाही. तेव्हा सेटलरला आणखी थोडे पुढे नेऊन पाहावे. नेहमीच्या वेगाच्या खेळात सुरुवातीचा एक टर्न 40 वर्षांचा असतो. पाच टर्न जागा पाहण्यात घालवणाऱ्या सम्राटाची प्रजा 200 वर्षे बोचकी घेऊन उन्हात उभी असते, आणि शेजाऱ्याच्या राजधानीत तोवर शेते पिकू लागलेली असतात. म्हणून पहिली सूचना अशी की पहिल्याच टर्नला, फार तर दुसऱ्या-तिसऱ्याला, मुक्काम ठोकावा. जागेच्या बाबतीत हट्ट धरायचा तो फक्त गोड्या पाण्याचा. नदीकाठच्या किंवा तळ्याकाठच्या शहराला 5 हाउसिंग, म्हणजे नागरिकांसाठी राहायची जागा, मिळते, नुसत्या समुद्रकाठी 3, कोरड्या माळावर 2. हाउसिंग भरायला एकच जागा उरली की लोकसंख्यावाढीचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे माळावरचे शहर पहिल्या नागरिकापासूनच रखडलेले असते.

राजधानी झाली की पुढे काय बांधायचे, या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आहे: सेटलर. त्यानंतर आणखी एक सेटलर. यात वैभव नाही हे मान्य. पण पहिल्या शंभर टर्नमध्ये राज्याला सम्राटाची गरजच नसते. गरज असते ती तलाठ्याची, म्हणजे कोणती जमीन कोणाच्या नावावर चढली याखेरीज ज्याला कशातच रस नाही अशा माणसाची. हे म्हणणे स्वभावाचे नव्हे, हिशेबाचे आहे. एका शहरात कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, एकच बांधता येतो. शहर कितीही थोर असो, दुसरा मिळत नाही. पहिला डिस्ट्रिक्ट एका नागरिकावर मिळतो, दुसऱ्यासाठी चार नागरिक लागतात, तिसऱ्यासाठी सात. शिवाय शहर मोठे होत जाते तसा पुढच्या प्रत्येक नागरिकासाठी अन्नाचा साठा अधिक लागतो. आता वीस नागरिक घ्या. ते सगळे एका राजधानीत कोंबले तर कॅम्पस एक आणि कमर्शियल हब, म्हणजे व्यापाराचा डिस्ट्रिक्ट, तोही एकच. तेच वीस जण चार-चारच्या पाच गावांत बसवले तर पाच कॅम्पस, पाच कमर्शियल हब, आणि त्या हबांत बाजार उभे राहिले की पाच व्यापारी मार्ग. प्रजा तेवढीच, फरक फक्त नोंदवहीत. आणि ही पाच गावे एकेकटी काढली तर दिसायला इतकी सामान्य असतात की कोणताही स्वाभिमानी सम्राट त्यांची नावेही लक्षात ठेवणार नाही.

यावर पहिला आक्षेप वंडर्सचा, म्हणजे जगप्रसिद्ध वास्तूंचा. इजिप्त आपले असताना पिरॅमिड सोडून वसाहती करत बसायचे का? स्टोनहेंजचा भाव पाहा: 180 उत्पादन. पहिला सेटलर 80 ला पडतो आणि पुढचा प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग होतो; तरी एका स्टोनहेंजच्या किमतीत साधारण दोन शहरे येतात. कॉलनायझेशनचे धोरण लागू असेल तर सेटलरवरचे उत्पादन निम्म्याने वाढते, म्हणजे सौदा आणखीच स्वस्त. शिवाय प्रत्येक वंडर जगात एकच असते. आपले काम संपायला दोन टर्न उरले असताना दूरच्या कोणी राजाने ते पूर्ण केले, तर आपल्याकडे ना दगड ना गाव. सेटलरच्या बाबतीत असा घोटाळा होत नाही. कोणी ‘हा सेटलर आम्ही आधीच बनवला’ म्हणून तुमचा रद्द करत नाही. ज्यांना धर्मस्थापनाच करायची आहे त्यांनी स्टोनहेंज जरूर बांधावे, कारण ग्रेट प्रॉफेट मिळतो. बाकीच्यांनी ते पुढच्या डावात बांधावे.

खुद्द खेळ घडवणाऱ्यांची साक्ष याहून बोलकी आहे. सर्वांत कठीण पातळीला ‘डीइटी’ म्हणतात. तिथे संगणकाच्या राजांना अधिक अक्कल दिली जाते असा समज असेल तर तो सोडावा. त्यांना आपल्या एकाऐवजी तीन सेटलर घेऊन सुरुवात करू दिली जाते. देवत्व म्हणजे काय याची इतकी प्रामाणिक व्याख्या दुसरीकडे सापडणे अवघड. आता मागच्या आवृत्त्याही पाहा. तिसरीत (2001) लांबच्या शहरांचे उत्पन्न भ्रष्टाचार खात असे. चौथीत (2005) प्रत्येक नव्या शहरामागे देखभालीचा खर्च वाढे. पाचवीत (2010) शहर वसवले की साऱ्या साम्राज्याची नाराजी वाढे. सातवीत (2025) तर वसाहतींच्या संख्येवर मर्यादाच आहे, ती ओलांडली की लोक नाखूश. निरुपयोगी गोष्टीवर कोणी दंड बसवत नाही. इतकी वर्षे, दर आवृत्तीत, नव्या युक्तीने जिला आवर घालावा लागतो ती विस्ताराची हाव खेळाडूच्या फायद्याचीच असली पाहिजे.

पाचवीचे जुने भक्त इथे हात वर करतील. चार शहरांत बसून, ट्रॅडिशनचे धोरण घेऊन, त्या चारही शहरांत फुकटची जलवाहिनी मिळवून विज्ञानात जगाला मागे टाकता येत असे, हे खरे आहे. पण ते का खरे होते? 2013 च्या विस्तार संचाने प्रत्येक जादा शहरामागे नव्या शोधांची किंमत साधारण 5 टक्क्यांनी वाढवली होती. चार शहरे शहाणपणाची नव्हती, बाकीची दंडनीय होती. त्याच संचात व्हेनिस आले, ज्याला सेटलर बनवायचीच मनाई. हा आक्षेपकांचा आवडता दाखला. मात्र व्हेनिसचा खास व्यापारी काय करतो हे ते सांगत नाहीत: तो स्वतः खर्ची पडून नगरराज्ये ताब्यात घेतो. म्हणजे बंदी घातलेल्यालाही मागच्या दाराने शहरेच हवी असतात.

तलाठीपणालाही शिस्त असते, ती थोडक्यात. सेटलर एकटा पाठवू नये. रानटी टोळ्यांना तो सोबत्यावाचून दिसला की त्या त्याला उचलून नेतात. त्यांचा टेहळ्या शहर पाहून तळावर परतला की धाडी सुरू होतात, म्हणून त्याला वाटेतच गाठावे. नवे शहर शक्यतो अशा जागी असावे जिथे नवी लग्झरी, म्हणजे प्रजेला खूश ठेवणारी चैनीची वस्तू, मिळेल, कारण एक लग्झरी चार शहरांपुरती पुरते आणि पुढची शहरे कुरकुरू लागतात. ‘राइज अँड फॉल’ (2018) पासून नऊ षटकोनांच्या आतली परकी लोकसंख्या निष्ठेवर दबाव आणते; तेव्हा शेजाऱ्याच्या राजधानीच्या दारात शहर वसवण्याचा पराक्रम करणाऱ्याला ते काही टर्नमध्ये गमवावे लागते. रोमचा सम्राट ट्रेजन शेजारी असेल तर एक गंमत: थोडी जमीन असलेले राजे त्याला मुळातच आवडत नाहीत. तुमची नोंदवही पातळ दिसली की तो तोंडावर बोलून दाखवतो.

एका आक्षेपाला मात्र या मार्गदर्शिकेत उत्तर नाही. ‘रिकामी’ म्हणून दाखवलेली जमीन खरोखर रिकामी होती का, हा तो आक्षेप. 2018 मध्ये खेळात क्री लोक आणि त्यांचे नेते पाउंडमेकर आले तेव्हा कॅनडातील पाउंडमेकर क्री नेशनच्या प्रतिनिधीने जाहीर तक्रार केली की या खेळाने त्यांच्या पूर्वजांनाही जमीन जिंकण्याच्या वसाहतवादी साच्यात बसवले. खेळातला पुरावा त्यांच्या बाजूचा आहे. नकाशावर आदिवासी वस्त्या असतात. आपली तुकडी त्यांत शिरली की बक्षीस मिळते आणि वस्ती नाहीशी होते. त्यांच्या नावावर एकही षटकोन चढलेला नसतो. चांगला तलाठी हे वाचून अस्वस्थ होतो. उत्तम तलाठी पुढचा टर्न दाबतो, आणि म्हणूनच उत्तम तलाठ्याकडे खऱ्या जमिनीचे दफ्तर देऊ नये.

शंभराव्या टर्नपर्यंत दहा शहरे, असा अनुभवी खेळाडूंचा ठोकताळा आहे. तुमची चारच झाली असतील आणि त्यांपैकी एकात अर्धवट पिरॅमिड उभा असेल, तर नशिबाला दोष देऊ नका. मेनूत जा, नवा डाव मांडा, इ.स.पू. 4000 तिथे पुन्हा फुकट मिळते.