निष्ठावंत चाहत्यासाठी आचारसंहिता

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा निष्ठावंत चाहता होण्यासाठी गाणे कळावे लागत नाही. कळत असल्यास स्पर्धा संपेपर्यंत ते विसरावे. नंतर आठवले नाही तरी फारसे बिघडत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण वाद घालताना चार सालं तोंडावर असली की समोरचा लवकर गप्प बसतो. 1995 साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले तेव्हा सूत्रसंचालन सोनू निगम करत असे, परीक्षकांच्या खुर्च्यांवर संगीतातली जाणती मंडळी बसत आणि कोण जिंकले हेही तीच ठरवत. घरच्यांनी फक्त ऐकायचे. असल्या व्यवस्थेत श्रोता तयार होतो, चाहता नाही. श्रेया घोषाल त्याच कार्यक्रमातून पुढे आली. तिच्यासाठी कोणाला एसएमएस करावा लागला नाही, की चौकात फ्लेक्स लावावा लागला नाही. 2004 मध्ये ‘इंडियन आयडल’ आले, निकाल परीक्षकांच्या हातून निसटून मोबाइलवर आला, 2005 मध्ये अभिजीत सावंत जिंकला आणि आपल्यासारख्यांना आयुष्यात काम मिळाले.

पहिले काम उमेदवार निवडण्याचे. त्यात गळा सगळ्यांत शेवटी पाहावा. आधी जिल्हा, मग तालुका, मग आडनाव, मग वडील काय करतात, मग शाळा. एवढ्यावर निभावले नाही तरच गाणे ऐकावे. या बाबतीत 2008-09 च्या मराठी ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची रचना आदर्श मानली जाते. अंतिम फेरीला पाच मुले उरली: आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि पुण्याची आर्या आंबेकर. निवडणूक आयोगालाही मतदारसंघ इतके सुटसुटीत पाडता आले नसते. विदर्भ-खानदेशातल्या चाहत्यांची मात्र पंचाईत झाली. त्यांनी आजोळ, सासर किंवा वडिलांच्या बदलीचे गाव यांपैकी काहीतरी शोधून काढावे असा संकेत आहे. एखाद्या चुलत्याने लातूरला दोन वर्षे नोकरी केलेली असली तर रोहितवर पूर्ण हक्क पोचतो.

पुणेकरांची अडचण वेगळी. उमेदवार घरचा होता, पण टीव्हीवरचे गाणे हे गाणेच नव्हे, हे मतही सोडवत नव्हते. त्यांनी दोन्ही पाळावे. सवाईला जाऊन आल्यावर घरी येऊन रिपीट टेलिकास्ट बघावे, आणि विचारल्यास ‘लावलेला होता, म्हणून कानावर पडलं’ असे सांगावे.

उमेदवार ठरला की त्याचा उल्लेख एकेरीत आणि ‘आपला’ किंवा ‘आपली’ लावूनच करायचा. आपली मुग्धा, आपला प्रथमेश. हे पालकत्व कागदोपत्री नसते, पण त्यातून मुक्तता नाही. मुलाने सर्दीत गायले तर मध आपण सुचवायचा, केस कापले तर हळहळ आपण करायची.

आता भाषा. चाहत्याला मोजके शब्द पुरतात: सूर, ताल, हरकत, मुरकी, जागा, खर्ज आणि फील. ‘जागा’ हा त्यातला सर्वांत उपयोगी, कारण ‘जागा छान घेतली’ असे म्हटल्यावर कुठली, हे कोणी विचारत नाही. रागाचे नाव घ्यायची वेळ आलीच तर यमन म्हणावे. मराठी भावगीताच्या बाबतीत ते बऱ्याच वेळा खपून जाते. पट्टीवर बोलताना डोळे किंचित मिटावेत. ‘काळी दोनमध्ये गायला हवं होतं’ हे वाक्य घरात हार्मोनियम नसेल तर बिनदिक्कत वापरता येते.

हे शब्द वापरण्याचा नियम एकच आहे. आपला स्पर्धक बेसूर झाला तर ‘भावनेच्या भरात गेला’. समोरचा सुरात गायला तर ‘तयारी आहे, पण आतून येत नाही’. आपला ताल चुकला तर मॉनिटर नीट लावला नव्हता. त्याचा चुकला तर रियाज नाही. आपल्याने मूळ चाल बदलली तर स्वतःचं काहीतरी दिलं, त्याने बदलली तर गाण्याची वाट लावली. सवय झाली की गाणे सुरू होण्याआधीच प्रतिक्रिया तयार असते आणि चार मिनिटे मोकळी मिळतात. त्या वेळात कोथिंबीर निवडून होते.

प्रत्यक्ष पाहण्याची शिस्त कडक हवी. कार्यक्रमाच्या वेळी मिक्सर बंद. कुकर लावला असेल तर शिट्टी तानेवर पडणार नाही याची जबाबदारी लावणाऱ्यावर. आपला स्पर्धक मंचावर आला की जी व्यक्ती जिथे बसली असेल तिने तिथेच बसून राहायचे. मागच्या आठवड्यात मामी दारात उभ्या असताना चांगले गुण पडले असतील तर मामींनी पुढचे तीन महिने दारात उभे राहावे. आजींनी देवापुढे निरांजन लावावे. हा भाग आधीच चित्रित झालेला असतो, निकाल लागून मुले हॉटेलवर परत जाऊन झोपलेलीसुद्धा असतात, असे घरातला एखादा इंजिनिअर सांगू लागेल. त्याला पाणी आणायला पाठवावे.

परीक्षकांबद्दलचे धोरण लवचीक ठेवावे. त्यांनी आपल्याला नावाजले तर ते जाणकार; आपल्याला सुनावले तर त्यांना चॅनेलने सांगितलेले असते. एकाच भागात एकच परीक्षक दोन्ही असू शकतो, त्याने गोंधळून जाऊ नये. लिटिल चॅम्प्सच्या त्या पर्वात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते आणि गुण आकड्यांऐवजी सुरांत दिले जात. ‘ध’ म्हणजे बरे, ‘नी’ म्हणजे उत्तम आणि ‘वरचा सा’ मिळाला की घरात टाळ्या. त्या काळात ही पद्धत दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात शिरली. आमटीला ‘ध’ मिळू लागला. एका घरात पुरणपोळीला ‘वरचा सा’ द्यायचा राहून गेला तेव्हा काकूंनी परीक्षक विकले गेले आहेत असे जाहीर केले. निष्ठा घरात किती मुरली आहे, हे यावरून ओळखावे.

इथे एक धोक्याची सूचना. वादकांकडे लक्ष देऊ नये. कॅमेरा अधूनमधून त्यांच्याकडे वळतो, तेव्हा पाणी प्यावे किंवा मोबाइल पाहावा. मराठी ‘सा रे ग म प’मध्ये कमलेश भडकमकर यांचे संयोजन होते, अमर ओक यांची बासरी, निलेश परब यांची ढोलकी, अर्चिस लेले यांचा तबला, सत्यजित प्रभू यांचे कीबोर्ड. ही माणसे आज कोणाला काळी एक, उद्या कोणाला पांढरी पाच अशा ज्याच्या त्याच्या पट्टीत गाणी वाजवून देत. पोर एखाद्या कडव्यात मात्रा गाळून पुढे सरकले तर ढोलकी त्याला कधी गाठे हे पाहणाऱ्याला कळतही नसे. हे एकदा कानात भरले की माणूस कडवे संपल्यावर वाजणारा बासरीचा तुकडा ऐकायला थांबतो. मग प्रतिस्पर्ध्याचेही गाणे बरे वाटू लागते. आणि अशा माणसाच्या हातून मतदान होत नाही. कित्येक चांगले कार्यकर्ते असेच हातचे गेले आहेत.

मतदान हा या आचारसंहितेचा गाभा. एसएमएसच्या काळात ते कष्टाचे काम होते. मेसेज साध्यापेक्षा महाग पडे, कीपॅडवर एका अक्षरासाठी तीनदा बटण दाबावे लागे, आणि नेमका पाठवताना प्रीपेडचा बॅलन्स संपे. तेव्हा घरातल्या दहावीच्या मुलाला ‘अभ्यास राहू दे, तुझा अंगठा लवकर चालतो’ असे सांगणारे वडील महाराष्ट्राने पाहिले. आता अ‍ॅप आहे. एका खात्याला ठरावीक मतांची मर्यादा असते, म्हणून खाती वाढवावीत. आजोबांचे ईमेल खाते बहुधा याच कारणासाठी उघडले जाते. त्यांना फक्त ओटीपी मोठ्याने वाचून दाखवायचा असतो.

उत्साह मात्र किती असावा याला मर्यादा आहे, आणि ती कुठे ओलांडली गेली हे अभ्यासकाला ठाऊक असावे. 2007 च्या ‘इंडियन आयडल’मध्ये अंतिम लढत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल यांच्यात होती. तमांग कोलकाता पोलिसांत नोकरीला. डोंगरातल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गण्या काढल्या आणि मतांचा पाऊस पाडला. तो जिंकला. मग दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने त्याच्याबद्दल हिणकस शेरा मारला, सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, हिंसाचार झाला आणि लष्कर बोलवावे लागले. तमांगच्या मतांसाठी मोहीम चालवणाऱ्यांत बिमल गुरुंग आघाडीवर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि जुन्या नेतृत्वाला बाजूला सारले. म्हणजे गाण्याच्या स्पर्धेतून गायक निघो न निघो, पक्ष निघू शकतो. आपल्याकडे नगरसेवक मंडळी स्पर्धकाच्या फोटोपेक्षा स्वतःचा फोटो मोठा छापून फ्लेक्स लावतात, यावर हसण्याआधी हे लक्षात घ्यावे. त्यांना धंदा आपल्यापेक्षा बरा कळतो.

महाअंतिम सोहळ्याची तयारी आदल्या दिवसापासून करावी. ‘इंडियन आयडल’च्या बाराव्या पर्वाचा सोहळा 15 ऑगस्ट 2021 ला दुपारी 12 ते रात्री 12 चालला. सकाळी झेंडावंदन उरकून जे सोफ्यावर बसले ते तारीख बदलल्यावर उठले. पवनदीप राजन जिंकला, अरुणिता कांजीलाल दुसरी, आपली सायली कांबळे तिसरी. बारा तासांत निकालाला लागलेला वेळ दोन मिनिटांचा, बाकी सगळे पाहुणे, नाच आणि जाहिराती. अशा दिवशी स्वयंपाक नको. साबुदाणा भिजवलेला असावा.

आपला उमेदवार हरला तर काय करावे याची चिंता नवशिक्यांना असते. वास्तविक हरण्यानेच चाहता दीर्घायुषी होतो. जिंकलेल्याचे चाहते पेढे वाटून झोपतात. हरलेल्याचे चाहते पुढची पंधरा वर्षे ‘सेटिंग होतं’ एवढ्या दोन शब्दांवर कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मैफल जमवतात. फेब्रुवारी 2009 मध्ये कार्तिकी जिंकली. आजही चार मराठी माणसांत तो विषय काढून पाहा, जेवण गार होते. सेटिंगचा सिद्धान्त मांडताना एक पथ्य पाळावे: ज्या वर्षी आपला जिंकला त्या वर्षी ते नव्हते.

रोहितच्या चाहत्यांचा खास गौरव व्हायला हवा. त्यांनी 2009 चा निकाल गिळला आणि 2020 मध्ये तो हिंदी ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वाच्या अंतिम फेरीत पोचल्यावर तीच फौज पुन्हा उभी केली. ज्यांनी पहिल्या वेळी शाळेच्या गणवेशात एसएमएस केले होते त्यांनी दुसऱ्या वेळी ऑफिसच्या वायफायवर मते दिली. सनी हिंदुस्तानी जिंकला, रोहित दुसरा आला. दोन वेगवेगळ्या चॅनेलांवर, दोन भाषांत सेटिंग सिद्ध करण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

पर्व संपल्यावर काय, हा प्रकरणाचा नाजूक भाग. सर्वसाधारण नियम असा की पुढचे पर्व सुरू होताच जुना ‘आपला’ सोडून नवा धरायचा. पण बालस्पर्धकांना ही सवलत नाही. त्यांना मोठे होऊ द्यायचे नसते. 2017 मध्ये आर्या आंबेकर चित्रपटात नायिका झाली. त्या चित्रपटाचे नावच ‘ती सध्या काय करते’ होते, त्यामुळे चौकश्यांना अधिकृत परवानगी मिळाल्यासारखे झाले. 2021 च्या लिटिल चॅम्प्समध्ये ती पाचही मुले परीक्षणाच्या बाजूला बसली, तेव्हा ‘कालची पोरं काय गुण देणार’ असे म्हणणे चाहत्याचे कर्तव्य होते आणि ते चोख बजावले गेले. डिसेंबर 2023 मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचे लग्न झाले. फोटो पाहून आधी ‘केवढी मोठी झाली गं’ म्हणावे, मग हे आपल्याला 2008 मध्येच दिसले होते असे सांगावे, आणि शेवटी आमंत्रण आले नाही म्हणून थोडे रुसावे. इतके एसएमएस केले होते, कार्ड नाही तर निदान फोन.

यांपैकी कोणाची मैफल आपल्या गावात लागली तर तिकीट पुढच्या रांगेचे काढावे. मुलगी आता तिशीकडे निघालेली असते, गुरूंकडे शिकून आलेली असते, तानपुरे जुळवून घेते आणि विलंबित ख्याल सुरू करते. इथे चाहत्याची खरी परीक्षा. पहिल्या पाच मिनिटांत मोबाइल बाहेर काढावा. दहाव्या मिनिटाला शेजारच्याला ‘लहानपणी काय गायची!’ असे ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगावे. शेजारचा डोळे मिटून बसला असेल तर तो श्रोता आहे असे समजून दुसऱ्या बाजूच्याला सांगावे. मध्यंतरात बटाटेवडा खाऊन परत यावे आणि तिने माइक हातात घेतला, की ती काही बोलायच्या आत उभे राहून फर्माईश करावी: ‘ताई, ते टीव्हीवरचं म्हणा ना!’