वाडा टेम्पोत मावतो

परवा तळेगावला, सोमाटणे फाट्याजवळ एका लॉनवर लग्नाला गेलो. आत शिरतो तो वाडाच. दिंडी दरवाजा, सागवानी खांब, कोनाडे, तुळशीवृंदावन. कौतुकानं खांबाला टेकलो, तर खांब मागं सरकला.

थर्माकोल!

नवरदेव चाकणच्या कंपनीत, डोक्यावर पेशवाई पगडी. थाट थेट बाजीरावाचा. पण बाबा रे, गाव कुणाचं? सेनापती दाभाड्यांचं. १७३१ साली डभईला त्र्यंबकराव दाभाडे पडले, ते याच बाजीरावाशी लढताना. मुलगा गेल्यावर उमाबाईंनी कारभार हाती घेतला. त्यांच्या गावात ही वरात निघाली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. पॅकेजमध्ये इतिहास नव्हता ना.

कोपऱ्यात ‘साहित्यिक कट्टा’. म्हणजे सेल्फी पॉइंट. आरामखुर्ची, कंदील, पुस्तकांची चवड. वरचं पुस्तक उचललं तर खालची चारही सोबत आली.

एकच खोका होता.

विलायतेत खरोखरच लेखकांच्या घरात लग्नं लागतात. वॉल्टर स्कॉटचं ॲबट्सफर्ड घ्या, बायरनची न्यूस्टेड ॲबी घ्या. भाडं भरा, बोहल्यावर चढा. बिचारा स्कॉट म्हातारपणी कर्ज फेडायला लिहीत बसला. त्याच्या घराच्या खर्चाला आता वऱ्हाड हातभार लावतं. वाईट काय त्यात?

आपल्याकडं लेखकाच्या घराला निळी पाटी लागते, ‘येथे राहत होते’. पाटीखाली स्कूटर.

तळेगाव म्हणजे कादंबरीकार गोनीदांचं गाव. उद्या कुणी इव्हेंटवाला ‘पडघवली थीम’ काढेलच. काढू दे. फक्त कादंबरी वाचायला जाऊ नको म्हणावं. नांदतं गाव ओस पडत जातं, त्याची गोष्ट आहे ती. मुहूर्ताला चालायची नाही.

आणि किल्ले? २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेलांना आणि लग्नांना भाड्यानं देणार, अशी बातमी आली. केवढा गहजब! शिवरायांचे किल्ले नव्हेत हो, ते दुसरे, असा खुलासा सरकारला करावा लागला. गोनीदांनी किल्ले पायाखाली घालण्यात उमर घालवली. त्या दिवशी संतापलेल्यांतले किती जण कधी राजमाची चढले असतील?

प्री-वेडिंगला गेलेले सोडून सांगा.

साहित्यिक लग्नच हवं असेल, तर १२ जून १९४६ चं रत्नागिरीचं घ्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर. नोंदणी पद्धतीनं. फॉर्म आठ आण्यांचा, आणि तो खर्चही नवरीचा. ना फेटे, ना ड्रोन. पुढं दोघांनी लिहिलेल्या पुस्तकांची चवड मात्र एकेक करून उचलता येते.

आठ आण्यांत आमच्या लॉनवर आता कुणी चप्पलही सांभाळणार नाही.

असो. मठ्ठा पिऊन निघालो, तर डेकोरेशनवाली पोरं वाडा टेम्पोत चढवत होती. दोघांत एक बुरूज, एकाच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. दिंडी दरवाजा पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर मार्करनं लिहिलं होतं :

‘राजस्थानी महाल. उद्या, चाकण.’