जर्मानिक टोळ्यांचं ‘वंडर’ कसं उभारावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रत्येक संस्कृतीला एक वंडर लागतंच. ते बांधायचं, घड्याळ संपेपर्यंत पडू द्यायचं नाही, की जिंकलात. इजिप्तला पिरॅमिड आहेत, ग्रीकांना पार्थेनॉन आहे, रोमकडे तर निवडायचं काय हाच प्रश्न. प्राचीन जर्मानिक टोळ्यांचा मॉड करायला घेतलात, तर भालेकरी, घोडे आणि झोपड्या पटापट उरकतात. मग यादीतला शेवटचा रकाना आ वासून उभा राहतो. तो कसा भरायचा, ते पाहू.

सुरुवात टॅसिटसपासून करावी, कारण सगळेच तिथून करतात. या रोमन गृहस्थाने इ.स. ९८ मध्ये ‘जर्मानिया’ हे छोटंसं पुस्तक लिहिलं. तो सांगतो की ही माणसं शहरं वसवत नाहीत. दगड आणि कौलं त्यांना ठाऊक नाहीत, जे काय ते ओबडधोबड लाकडात. देवांना भिंतींत कोंडणं त्यांना देवांच्या मोठेपणाला न शोभणारं वाटतं, म्हणून रान राखायचं आणि तेच देवस्थान. कुणी मेलं, तर वर गवताळ मातीचा ढीग. उंच, खर्चिक स्मारक मेलेल्याला जड होतं, असं त्यांचं मत. थोडक्यात, ज्यांचं स्मारक करायला तुम्ही निघालात, त्यांनी आधीच नको म्हणून सांगून ठेवलंय. इथे बरेच नवशिके खचतात. खचू नये. पुस्तक मिटावं आणि मॉडच्या माहितीत त्याचं नाव तेवढं ठळक टाकावं.

आता दगड शोधा. सर्वांत प्रतिष्ठित पळवाट इटलीतल्या राव्हेन्नातून जाते. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स टू’मध्ये गॉथ लोकांना जे वंडर मिळालं, ती थिओडोरिक राजाची समाधी. बांधकाम साधारण इ.स. ५२० चं. छत म्हणजे एकच अखंड दगड. तो इस्ट्रियाहून समुद्रमार्गे आणलेला, व्यास दहा मीटरांच्या वर, वजन दोनशे टनांपेक्षा जास्त, आणि कडेला बारा दगडी कान. त्याखालच्या चिमट्यासारख्या नक्षीत अनेकांना गॉथिक दागिन्यांची आठवण होते. वास्तू अप्रतिम आहे आणि निवडही माझ्या मते चांगली, फक्त हा राजा कॉन्स्टँटिनोपलमध्ये वाढलेला होता आणि बांधण्याची पद्धत रोमन. त्याच गेमने ट्यूटन लोकांना मारिया लाख हा सहा मनोऱ्यांचा मठ दिला. त्याची स्थापना १०९३ ची. गेम मध्ययुगाचा असल्यामुळे ते खपून जातं. तुमचा गेम सीझरपाशी संपत असेल, तर हजार वर्षं पुढचा मठ खपवायला फार धीट चेहरा लागेल.

धीट चेहरा असेलच, तर सरळ एकोणिसावं शतक गाठा. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात रोमच्या तीन लेजन कापून काढणाऱ्या आर्मिनियसचा पुतळा डेटमोल्डजवळ उभा आहे. चबुतऱ्यासकट उंची सुमारे ५३ मीटर, हातात सात मीटरांची तलवार, शिरस्त्राणाला पंख. काम १८३८ मध्ये सुरू झालं, मध्येच पैसे आटले आणि उद्घाटन १८७५ मध्ये झालं. मॅपवर हा छान दिसतो. दुसरा पर्याय रेगेन्सबुर्गजवळचं १८४२ चं वालहाला. जर्मन थोर पुरुषांसाठी बांधलेली ही वास्तू चक्क ग्रीक डोरिक मंदिर आहे, त्यामुळे ग्रीकांच्या फोल्डरमधलं मॉडेल कॉपी करून नाव बदललं की काम झालं.

शिरस्त्राणाला शिंगं लावावीत का? लावावीत. १८७६ मध्ये वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी डोपलर नावाच्या वेशभूषाकाराने ती लावली आणि खेळाडू आता तीच मागतो.

काही हट्टी विद्यार्थी खरं काय होतं ते विचारतात. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. उत्तर जर्मनीत ब्राक इथे दलदलीत दोन लाकडी मूर्ती सापडल्या, एक पुरुष, एक स्त्री. दुबेळक्याची ओकची फांदी घ्यायची, दोन फाटे म्हणजे पाय, वर चेहरा कोरायचा, झाला देव. पुरुष पावणेतीन मीटर उंच आहे. समोर उभं राहिलं तर दरारा वाटावा असा, पण गेमच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर कुणाची तरी काठी पडलीय असं वाटतं.

सेम्नोनेस टोळीच्या देवराईत दोरीने बांधून घेतल्याशिवाय प्रवेश नव्हता. आत पडलात तर उठायचं नाही, गडगडत बाहेर यायचं. यावर एक सुरेख नियम बेतता येईल: देवराईत शिरणाऱ्या प्रत्येक तुकडीची शस्त्रं गळून पडतात. गडगडण्याचं ॲनिमेशन करणारा माणूस मात्र स्वतः शोधा.

पण माझं मत विचाराल तर खरं वंडर आहे फेडरसन वीर्डे. हे उत्तर समुद्राच्या काठावरचं गाव. १९५५ ते १९६३ या काळात तिथे उत्खनन झालं. लांबलचक घरं, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा. भरतीचं पाणी चढायला लागलं तसे लोक शेण आणि चिकणमातीचे थर देत गेले, घरं वर वर सरकली आणि काही शतकांत अख्खं गाव एका टेकाडावर बसलं. दगड शून्य, सोनं शून्य, लागणारी साधनसामग्री: गाय. समुद्राला शेणाने थोपवणारी दुसरी कुठली संस्कृती तुमच्या गेममध्ये आहे? तरीही हे मॉडेल कुणी स्वीकारणार नाही, कारण ट्रेलरमध्ये कॅमेरा फिरवत फिरवत उकिरडा दाखवायला कुणाचीच तयारी नसते.

मग उरतो तो इर्मिन्सुल, नवशिक्यांचा लाडका. सॅक्सनांचा हा पवित्र खांब शार्लमेनने ७७२ मध्ये पाडला. उघड्यावर उभारलेलं प्रचंड लाकूड, एवढंच वर्णन हाती आहे. चित्र एकही नाही, म्हणजे हात मोकळा! इथे मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. इंटरनेटवर दिसणारा दोन वळणदार फांद्यांचा इर्मिन्सुल गेल्या शतकातला आहे. एक्स्टर्नश्टाइनच्या ख्रिस्ती शिल्पातला वाकलेला आकार विल्हेल्म टॉइट नावाच्या हौशी संशोधकाने सरळ उभा केला आणि त्याच्या कल्पना नात्सींनी उचलून धरल्या. असलं चिन्ह ढालीवर चिकटवण्याआधी त्याचं कूळ तपासा. साधा, उंच, नक्षी नसलेला खांब करा. टेक्स्चरचं काम वाचेल आणि उद्या कुणी त्याच चिन्हासाठी तुमचा मॉड डोक्यावर घेणार नाही.

शेवटी किंमत ठरवा. लाकूड भरपूर, दगड अजिबात नको. वंडर शत्रूच्या हाती पडलं तर त्यातलं सगळं लाकूड शत्रूच्या खात्यात जमा व्हावं. खेळाडू अन्याय झाला म्हणून ओरडतील. त्यांना गाइसमारचा दाखला द्या: सुमारे ७२३ मध्ये बॉनिफेस या मिशनऱ्याने तिथला डोनार देवाचा ओक तोडला आणि त्याच लाकडातून संत पीटरचं प्रार्थनागृह बांधलं.